‘द ब्रुटलिस्ट’ मागे पडला, हे योग्य झाले का?

मध्यंतर (या टोपणनावाच्या सदस्याचा प्रश्न)

९७ व्या अकादमी पुरस्कारांचा (ऑस्करचा) सोहळा २ मार्च २०२५ रोजी पार पडला आणि ‘अनोरा’ने सर्वोत्कृष्ट चित्रपटासह पाच पुरस्कार नेले. निकाल कळला तेव्हा मी फार नाराज झालो होतो. नाराजीच्या भरात लिहिलेले मत दुसऱ्या दिवशी स्वतःलाच पटत नाही, म्हणून मुद्दाम काही आठवडे थांबलो, दोन्ही चित्रपट पुन्हा पाहिले आणि आता हा प्रश्न तुमच्यासमोर ठेवतो आहे. ज्यांनी हे चित्रपट अजून पाहिलेले नाहीत त्यांनी पुढे वाचू नये, कारण शेवटांबद्दल लिहिल्याशिवाय मला माझे म्हणणे मांडता येणार नाही.

माझ्या लेखी त्या वर्षातला सर्वांत मोठा चित्रपट ‘द ब्रुटलिस्ट’ होता. मोठा म्हणजे केवळ लांबीने नव्हे, जरी तो पंधरा मिनिटांचे मध्यंतर धरून २१५ मिनिटांचा आहे. दिग्दर्शक ब्रॅडी कॉर्बे यांनी १ कोटी डॉलरपेक्षाही किंचित कमी खर्चात हा चित्रपट व्हिस्टाव्हिजनवर चित्रित केला. हे तंत्र पॅरामाउंटने १९५४ मध्ये आणले होते. यात फिल्म कॅमेऱ्यातून उभी न जाता आडवी सरकते, त्यामुळे प्रत्येक चौकटीला जास्त जागा मिळते आणि भिंत, छत, दगड यांचा पोत डोळ्यांना जाणवण्याइतका स्पष्ट उमटतो. वास्तुविशारदाच्या आयुष्यावरील चित्रपटाला याहून योग्य माध्यम मला सुचत नाही.

सुरुवातीचा प्रसंग आठवा. जहाजाच्या पोटातला अंधार, माणसांची रेटारेटी, त्यातून धडपडत वर येणारा वास्तुविशारद लास्लो टोथ, आणि मग अचानक प्रकाश व त्या प्रकाशात उलटा दिसणारा स्वातंत्र्यदेवीचा पुतळा. नव्या देशात आलेल्या माणसाचे पुढे काय होणार आहे ते त्या एका चित्रात सांगून झालेले असते. त्यानंतर एका धनिकाच्या घरात लास्लो उभारतो ते ग्रंथालय तर मी विसरूच शकत नाही. जुन्या अंधाऱ्या खोलीतली अडगळ निघते, पुस्तके उभ्या दारांच्या आड जातात, ती दारे एकामागून एक पंख्यासारखी उघडतात, वरून उजेड उतरतो आणि मधोमध एकच आरामखुर्ची उरते. खोलीचा मालक घरी परततो तेव्हा त्याला त्यात काहीच सुंदर दिसत नाही, तो संतापून सर्वांना हाकलून देतो. पुढे एका मासिकात त्या खोलीची छायाचित्रे छापून येतात आणि तोच मालक लास्लोला शोधत येतो. कलावंत आणि आश्रयदाता यांच्यातले नाते, त्यातला अपमान आणि त्यातली ओढ, हे सगळे मध्यंतरापूर्वी केवळ नजरांतून, जेवणाच्या टेबलावरच्या बोलण्यातून आणि पैशाच्या व्यवहारातून उलगडते.

मध्यंतरानंतर मात्र चित्रपटाचा स्वतःवरचा विश्वास कमी झाल्यासारखा वाटतो. इटलीतल्या काराराच्या संगमरवराच्या खाणीचे चित्रण थक्क करणारे आहे. पण तिथे जे घडते त्यामुळे आतापर्यंत सूचित राहिलेले शोषण एका शब्दशः कृतीत उतरते, आणि तेवढ्याने त्या नात्यातली गुंतागुंत पुसली जाते. सर्वांत मोठी तक्रार उपसंहाराबद्दल आहे. १९८० मधले व्हेनिस, लास्लो वृद्ध, आणि त्याची भाची व्यासपीठावरून सांगते की त्या आश्रयदात्यासाठी लास्लोने आखलेल्या वास्तूतल्या खोल्यांची मापे छळछावणीतल्या कोठड्यांवरून घेतली होती. जे त्या भिंतींनी आपल्याला जाणवून द्यायचे, ते एका भाषणाने कानावर घातले जाते.

तरीही माझे मत त्याच्याच बाजूने पडले असते. कलाकृती इतकी दूरवर झेपावते तेव्हा तिचा तोल कुठेतरी जाणारच, आणि तो गेला म्हणून तिला मागे टाकू नये असे मला मनापासून वाटते. तुम्हांला काय वाटते? मोठे काही करू पाहताना चुकलेला चित्रपट श्रेष्ठ मानावा, की आपल्या मर्यादेत राहून न चुकलेला?

शेवटची रांग

मध्यंतर, आपण मांडलेला प्रश्न रसिकतेचा आहे, पण निकालाचे कारण मला आधी मतमोजणीत शोधावेसे वाटते. अकादमीच्या इतर विभागांत ज्याला सर्वाधिक मते तो विजयी ठरतो. सर्वोत्कृष्ट चित्रपटासाठी मात्र मतदाराला दहाही चित्रपट पसंतीच्या क्रमाने लिहिता येतात. २००९ सालच्या चित्रपटांसाठी नामांकने पाचांवरून दहांवर नेली तेव्हा ही पद्धत पुन्हा आली. पहिल्या पसंतीच्या मतांत कोणालाही निम्म्याहून अधिक मते मिळाली नाहीत तर सर्वांत कमी मते असलेला चित्रपट बाद होतो आणि त्याच्या मतपत्रिका त्यांवरील पुढच्या पसंतीच्या चित्रपटाकडे जातात. कोणीतरी अर्धा टप्पा ओलांडेपर्यंत हे चालूच राहते.

समजा १०० मतदार आहेत. त्यांतील ३० जणांनी एका चित्रपटाला पहिले स्थान दिले, परंतु उरलेल्या ७० पैकी बहुतेकांनी त्याला आठव्या किंवा नवव्या स्थानावर ढकलले. दुसऱ्या चित्रपटाला पहिली पसंती २५ जणांचीच आहे, पण दुसऱ्या-तिसऱ्या स्थानावर तो जवळजवळ सगळ्यांच्या यादीत आहे. एकेक चित्रपट बाद होत जातो तशी दुसऱ्याची मते वाढत जातात आणि पहिला तीसच्या आसपासच अडकून पडतो. साडेतीन तासांचा, मध्यंतरानंतर प्रेक्षकांत फूट पाडणारा चित्रपट या पद्धतीत जिंकणे अवघडच असते.

चिन्हे आधीपासून दिसतही होती. जानेवारीत गोल्डन ग्लोबमध्ये ‘द ब्रुटलिस्ट’ सर्वोत्कृष्ट नाट्यपट ठरला आणि ‘अनोरा’च्या हाती काहीच लागले नाही, तेव्हा अनेकांनी निकाल गृहीत धरला होता. मात्र फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात निर्मात्यांच्या आणि दिग्दर्शकांच्या संघटनांनी एकाच रात्री ‘अनोरा’ला कौल दिला. यांपैकी निर्मात्यांची संघटनाही पसंतीक्रमानेच मतमोजणी करते, आणि या दोन्ही संघटनांतले अनेक सभासद अकादमीतही मतदान करतात.

आणखी एक गोष्ट नोंदवतो. अकादमीने एप्रिल २०२५ मध्ये जाहीर केले की यापुढे अंतिम फेरीत एखाद्या विभागात मत द्यायचे असेल तर त्या विभागातले सर्व नामांकित चित्रपट पाहिलेले असणे सभासदांना बंधनकारक राहील. हे वाचून मला मनापासून वाईट वाटले, कारण इतकी वर्षे हा नियम नव्हता असा त्याचा सरळ अर्थ होतो. ज्या चित्रपटाला सलग साडेतीन तास द्यावे लागतात, त्याला हा नियम नसल्याचा फटका सर्वांत आधी बसत होता.

कातरमेज

मध्यंतर यांच्या प्रश्नातल्या एका गृहीतकालाच माझी हरकत आहे. ‘अनोरा’ आपल्या मर्यादेत राहिला असे तुम्ही म्हणता. मला तो तसा मुळीच वाटत नाही. तो ६० लाख डॉलरमध्ये झाला आणि त्यात जहाजे किंवा खाणी नाहीत, म्हणून तो लहान ठरत नाही. मी स्वतः संकलनाचे थोडेफार काम करते, त्यामुळे ही बाजू जरा विस्ताराने लिहिते.

‘अनोरा’ची नायिका अॅनी हिच्या नवऱ्याच्या घरी माणसे येतात आणि नवरा तिला तिथेच टाकून पळून जातो, तो प्रसंग घ्या. वीस मिनिटांहून अधिक काळ आपण एकाच दिवाणखान्यात असतो. आधी बाचाबाची, मग ओरडाआरडा, मग मोडतोड. तिला आवरायला आलेल्या दोघांपैकी एकाचे नाक ती लाथेने फोडते. प्रेक्षक हसत असतात आणि त्याच वेळी घाबरलेलेही असतात, कारण एकटी मुलगी अनोळखी पुरुषांच्या तावडीत सापडलेली आहे हे कोणत्याही क्षणी विसरता येत नाही. या दोन भावना इतका वेळ एकमेकींना न मारता जिवंत ठेवणे किती कठीण आहे, हे ज्याने एकदा तरी कातर हातात धरली आहे त्याला कळेल. एखादा तुकडा चार चौकटी लांब राहिला तर प्रसंग क्रूर होतो, चार चौकटी आखूड झाला तर नुसता विनोद उरतो. ‘अनोरा’चे दिग्दर्शक शॉन बेकर आपले चित्रपट स्वतःच संकलित करतात. निर्मिती, दिग्दर्शन, मूळ पटकथा आणि संकलन असे चार पुरस्कार त्यांना एका रात्री एकाच चित्रपटासाठी मिळाले, ही गोष्ट याआधी कोणाच्याही बाबतीत घडलेली नव्हती. चारांतला संकलनाचा पुरस्कार मला सर्वांत न्याय्य वाटतो.

दुसऱ्यांदा पाहताना त्या प्रसंगात फक्त इगोरकडे, म्हणजे त्या दोघांतल्या दुसऱ्याकडे, लक्ष ठेवा. सगळे ओरडत असताना तो तिला धरून ठेवतो आहे, आणि हे आपण करायला नको होते हे त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू उमटत जाते. तिथे तिचे तोंड बांधायला एक लाल स्कार्फ वापरला जातो. पुढे रात्री समुद्रकिनाऱ्यालगत बोचरे वारे सुटलेले असताना तोच स्कार्फ इगोर तिला पांघरायला देऊ करतो. ती आधी झिडकारते आणि मग थंडी असह्य झाल्यावर घेते. यावर कोणी भाष्य करत नाही, संगीतही वाजत नाही. व्हेनिसमधल्या त्या भाषणाची आणि या स्कार्फची तुलना तुम्हीच करून पाहा.

शेवटाबद्दल लिहिल्याशिवाय मला थांबता येत नाही. बर्फ पडते आहे, इगोरच्या आजीची जुनी गाडी घरासमोर उभी आहे. तो तिची अंगठी तिला परत देतो. आतापर्यंत तिला जे मिळाले त्याची किंमत तिला शरीरानेच चुकवावी लागली होती, त्यामुळे या दयेची परतफेड कशी करायची हे तिला कळत नाही आणि ती त्याच एका मार्गाने ती करू पाहते. तो तिचे चुंबन घेऊ लागतो तेव्हा ती प्रतिकार करते, त्याला मारते आणि अखेर त्याच्या खांद्यावर कोसळून रडते. काचेवरचे वायपर खर्र-खर्र फिरत राहतात, इंजिन घरघरत राहते, आणि श्रेयनामावलीही शांततेतच सुरू होते. अॅनी साकारणाऱ्या मायकी मॅडिसनने तोवर पूर्ण चित्रपटभर या मुलीला एकदाही असे मोडू दिलेले नाही. ते रडू दोन तास साठलेले आहे. चुकण्याची भीती इथेही होती, मध्यंतर. तो क्षण जरा जरी खोटा वाटला असता तर आधीचे सगळेच कोसळले असते.

मध्यंतर

कातरमेज, स्कार्फचा धागा माझ्या नजरेतून पूर्ण निसटला होता. ‘आपल्या मर्यादेत राहून’ हे माझे शब्द मी मागे घेतो. शेवटची रांग यांनी दिलेल्या मतमोजणीच्या उदाहरणामुळे निकाल समजला, तरी समाधान मात्र झाले नाही. अनेकांच्या तिसऱ्या पसंतीचा चित्रपट सर्वोत्कृष्ट म्हणवला जावा का, ही शंका राहतेच.

नीरव

मला या दोघांच्या वादात तिसरेच नाव आणायचे आहे. त्या दहांत ‘आय अॅम स्टिल हिअर’ होता. त्याला आंतरराष्ट्रीय चित्रपटाचा पुरस्कार मिळाला, ब्राझीलला या विभागात मिळालेला तो पहिलाच, आणि त्यामुळे त्याची चर्चा त्या विभागापुरतीच उरकली गेली.

१९७१ मध्ये लष्करी राजवटीची माणसे रुबेन्स पायवा या माजी लोकप्रतिनिधीला त्याच्या घरातून घेऊन जातात आणि तो परत येत नाही. वॉल्टर सालेस यांनी त्यानंतरची कथा पत्नी युनीसच्या बाजूने सांगितली आहे. एका मासिकाचा छायाचित्रकार कुटुंबाचे छायाचित्र काढायला येतो. संपादकांना गंभीर चेहरे हवे आहेत, दुःख दिसायला हवे आहे. युनीस मुलांना हसायला सांगते, आणि सगळे हसतात. त्या हसण्यात जो नकार आहे, तो मला त्या वर्षातल्या कोणत्याही भव्य दृश्यापेक्षा मोठा वाटला. युनीस साकारणाऱ्या फर्नांडा टोरेस यांना नामांकन मिळाले. त्यांच्या आई फर्नांडा मॉन्टेनेग्रो यांनाही सालेस यांच्याच चित्रपटासाठी १९९९ मध्ये ते मिळाले होते, आणि दोघींपैकी कोणालाही पुरस्कार मिळाला नाही. या चित्रपटाच्या अखेरीस वृद्ध, स्मृती हरवलेल्या युनीसच्या भूमिकेत मॉन्टेनेग्रोच येतात. त्या एक शब्दही बोलत नाहीत. दूरचित्रवाणीवर नवऱ्याचे चित्र दिसते आणि डोळ्यांत क्षणभर ओळख हलते.

मध्यंतर यांचा प्रश्न धाडसाचा असेल, तर खरे धाडस ‘निकल बॉइज’मध्ये होते. रामेल रॉस यांनी कॅमेरा पात्रांच्या डोळ्यांच्या जागी ठेवला. सुधारगृहात पाठवलेल्या एल्वुडला जे दिसते तेवढेच आपल्याला दिसते, त्यामुळे त्याचा स्वतःचा चेहरा कितीतरी वेळ केवळ काचेत, चकचकीत पृष्ठभागांत ओझरता भेटतो. मग सुधारगृहाच्या भोजनगृहातला प्रसंग संपतो आणि तोच पुन्हा सुरू होतो, या वेळी त्याचा मित्र टर्नर याच्या डोळ्यांतून, आणि एल्वुडचा चेहरा आपण प्रथमच समोरून पाहतो. मैत्री म्हणजे आपला चेहरा पाहणारे दुसरे कोणीतरी असणे, हे इतक्या थेट चित्ररूपात मी पूर्वी पाहिले नव्हते. अशा चित्रपटाला छायालेखनाचे साधे नामांकनही मिळू नये याचे मला आजही दुःख आहे.

पहिला खेळ

नीरव यांनी आंतरराष्ट्रीय विभागाचा उल्लेख केला म्हणून लिहिते. त्या वर्षीच्या नियमानुसार तिथे प्रत्येक देशाला एकच चित्रपट पाठवता येत होता आणि तो त्या देशाची निवड समिती ठरवत होती. पायल कपाडिया यांच्या ‘ऑल वी इमॅजिन अॅज लाइट’ला २०२४ मध्ये कान महोत्सवात ग्रां प्री मिळाले, त्या महोत्सवाच्या मुख्य स्पर्धेत भारतीय चित्रपट तीस वर्षांनी पोचला होता. भारताने मात्र ‘लापता लेडीज’ पाठवला, जो पंधरा चित्रपटांच्या प्राथमिक यादीतही आला नाही. सहनिर्मितीत असलेल्या फ्रान्सने ‘ऑल वी इमॅजिन अॅज लाइट’ला आपल्या अंतिम चार नावांत ठेवले होते, पण शेवटी ‘एमिलिया पेरेझ’ निवडला. त्याला तेरा नामांकने मिळाली आणि पुरस्कार दोनच.

माझी नाराजी ‘लापता लेडीज’वर नाही, तो मला आवडतो. छाया कदम दोन्ही चित्रपटांत आहेत आणि दोन्हींत उत्तम आहेत. पण ‘ऑल वी इमॅजिन अॅज लाइट’मधल्या प्रभाला जर्मनीहून कोणीतरी भात शिजवायचे यंत्र पाठवते, पाठवणाऱ्याचे नाव नसते, आणि वर्षानुवर्षे न भेटलेल्या नवऱ्याच्या जागी ती रात्री जमिनीवर बसून त्या यंत्रालाच कवटाळते, हे दृश्य पाहिल्यावर मला दुसरे काही पाठवण्याचा विचारच करता आला नसता. नियमच बदलायला हवा असे माझे मत आहे. देशाऐवजी चित्रपटाला प्रवेश मिळाला पाहिजे. महोत्सवांत गौरवलेल्या चित्रपटांना थेट पात्र ठरवले तर एका समितीच्या निर्णयावर सगळे अवलंबून राहणार नाही.

शेवटची रांग

पहिला खेळ यांच्या सूचनेला माझा पाठिंबा आहे. ‘श्वास’, ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ आणि ‘कोर्ट’ हे मराठी चित्रपट याच मार्गाने भारतातर्फे गेले होते, त्यामुळे समित्या नेहमीच चुकतात असे नाही. पण ज्या वर्षी देशात दोन-तीन तोलामोलाचे चित्रपट असतात, त्या वर्षी एकच निवडण्याची सक्ती अन्यायाची ठरते.

मध्यंतर

सर्वांचे आभार. काल रात्री ‘अनोरा’ तिसऱ्यांदा लावला आणि कातरमेज यांनी सांगितल्याप्रमाणे त्या दिवाणखान्यात इगोरवरच लक्ष ठेवले. तो संपूर्ण प्रसंगभर जवळजवळ गप्प असतो आणि बहुतेक वेळा चौकटीच्या मध्यभागीही नसतो. मागे कुठेतरी, बाकीच्यांच्या खांद्यांआडून, तो तिच्याकडे पाहत असतो. शेवटच्या दृश्यात पोचेपर्यंत त्याची ती नजर मी सोबत घेऊन आलो होतो, आणि वायपरचा आवाज सुरू झाला तेव्हा या वेळी मला नामावली संपेपर्यंत उठवले नाही.

‘द ब्रुटलिस्ट’चे ग्रंथालय माझ्या मनातून हललेले नाही, माझी पहिली पसंती अजून तिथेच आहे. ‘अनोरा’ला मात्र माझ्या यादीत मी सहावे स्थान दिले होते, ते आता दुसरे करतो. ‘निकल बॉइज’ मी पाहिलेलाच नाही, आणि तो न पाहताच ही यादी केली होती हे मान्य केले पाहिजे. नीरव, तो पाहून झाला की इथेच लिहीन.